रोज हिंजवडीची ट्रॅफिक, महिन्यातून दोनदा घाट: नवी आय20 एन लाइन की जुनी पोलो टीएसआय?

ताम्हिणी_तिसरा_गिअर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ऑन-रोड 13 लाखांच्या आत छोटी पण पळणारी गाडी घ्यायची आहे. वापर असा: कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन साधारण 38 किमी, आठवड्यातून पाच दिवस. महिन्यातून दोनेकदा ताम्हिणी, वरंधा किंवा आंबेनळी. गाडीत बहुतेक वेळा दोघेच, पण गणपतीला चौघे आणि सामान.

डोक्यात तीन गाड्या आहेत:
1. नवी ह्युंदाई आय20 एन लाइन, मॅन्युअल किंवा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स)
2. 2020-22 मधली फोक्सवॅगन पोलो 1.0 टीएसआय, सेकंडहँड
3. टाटा अल्ट्रोझ रेसर, कमी चाललेली मिळाली तर

कागदावर तिघी सारख्याच वाटतात. नेमकं काय बघून ठरवायचं? एसयूव्ही सुचवू नका, हात जोडून विनंती.

---

तेलकट_फडकं

कागदावर सारख्या आहेतच. एन लाइन 998 सीसी, 120 पीएस, 172 एनएम. पोलो 999 सीसी, 110 पीएस, 175 एनएम. रेसर 1199 सीसी, 120 पीएस, 170 एनएम. तिन्ही तीन सिलिंडरच्या, तिन्ही टर्बो. त्यामुळे इंजिनावरून भांडण्यात अर्थ नाही. तुमच्या वापरात महिन्याचे 800 किमी ट्रॅफिक आहे, म्हणून आधी गिअरबॉक्स ठरवा. गाडी आपोआप ठरेल.

एन लाइनचा 7-स्पीड डीसीटी ड्राय क्लचचा आहे. दोन क्लच, पण तेलात बुडलेले नाहीत, उष्णता हवेतच जायची. ताशी 4-5 किमीने रांग सरकते तेव्हा पहिल्या गिअरचा क्लच ना पूर्ण जुळलेला, ना पूर्ण सुटलेला. तो घासत राहतो. भूमकर चौकात अर्धा तास असा गेला की गाडी पहिल्या-दुसऱ्यात थरथरायला लागते, आणि फार तापली तर डिस्प्लेवर इशारा येतो. डीसीटी घेतलाच तर दोन सवयी लावा. पुढच्या गाडीमागे फट पडू द्या, मग एकदम 10-15 मीटर जा आणि ब्रेक पूर्ण दाबून थांबा. ब्रेक नीट दाबला की क्लच सुटतो, अर्धवट ब्रेकवर गाडी सरकू दिली की घासतो. दुसरी सवय: चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही. फ्लायओव्हरच्या चढावर सर्रास सगळे तेच करतात.

पोलोत मात्र एक गोम आहे, ती जाहिरातीत लिहीत नाहीत. 2013 पासूनच्या जुन्या 1.2 जीटी टीएसआयला 7-स्पीड डीएसजी (फोक्सवॅगनचा डीसीटी) होता, तोही ड्राय क्लचचा. 2020 मध्ये बीएस6 (धुराचे नवे नियम) आल्यावर 1.0 टीएसआयला 6-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक दिला. तो डीएसजीइतका झटपट नाही, पण सरकत्या रांगेत त्याचं काही बिघडत नाही, कारण तिथे घासणारा क्लच नसून तेलाचं कपलिंग काम करतं. ऑटोमॅटिकच हवी असेल तर तुमच्या यादीत ट्रॅफिकला सर्वांत निर्धास्त पर्याय हाच.

रेसर फक्त 6-स्पीड मॅन्युअल. डाव्या पायाला रोजचा व्यायाम चालणार असेल तरच तिचा विचार.

---

चाकण_वॉशर

वरच्याशी सहमत, पण सेकंडहँड पोलो डोळे झाकून घेऊ नका. चाकणच्या प्लांटमधलं पोलोचं उत्पादन 2022 मध्ये थांबलं, म्हणजे शेवटच्या गाड्यांचीही मूळ वॉरंटी संपलेली किंवा संपत आलेली. बघायला जाल तेव्हा हे तपासा:

इंजिन थंड हवं. विक्रेत्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नकोस. बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड सुरुवातीला तीन सिलिंडरची थोडी थरथर असणारच, पण ती अर्ध्या मिनिटात बसायला हवी.

कूलंटच्या टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का पाहा. या इंजिन-कुटुंबात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लॅस्टिक हाउसिंग हळूहळू पाझरतं. थेंब जमिनीवर पडत नाहीत, तिथल्या तिथे सुकतात. टॉर्च मारून गुलाबी किंवा पांढरट डाग शोधा. पातळी कमी आणि विक्रेता म्हणतो ‘वरून भरा, चालतं’, तर तिथूनच परत फिरा.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) सोबत न्या. साध्या ब्लूटूथ स्कॅनरवर निदान इंजिनाचे कोड दिसतात. फोक्सवॅगनच्या बाकीच्या मॉड्यूलसाठी व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हन लागतं. कोड एकही नाही, पण ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ 20 किमी दाखवतंय? मग काल संध्याकाळीच कोणीतरी पुसले आहेत. ईपीसीचा (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणातला बिघाड दाखवणारा) दिवा कधी लागला होता का, ते सरळ विचारा. तो लागण्यामागे बऱ्याचदा इंजेक्टर किंवा इंधनाच्या दाबाची तक्रार असते आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते काम स्वस्त नसतं.

खडबडीत रस्त्यावर ताशी 20 ने, खिडक्या खाली करून चालवा. पुढून ‘टक-टक’ आलं तर लिंक रॉड, स्टेअरिंग फिरवताना ‘कुर्र’ आलं तर स्ट्रटचं वरचं माउंट. हे दोन्ही दुरुस्त होतं, फक्त किमतीत घासाघीस करा.

टायरवर चार आकड्यांचा कोड असतो, 3121 म्हणजे 2021 सालचा 31 वा आठवडा. गाडी 25,000 किमी चाललेली सांगतात आणि चारही टायर नुकतेच बदललेले, तर ओडोमीटरचा आकडा सर्व्हिस रेकॉर्डशी ताडून पाहा.

कागद: मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28 वर तिथल्या आरटीओची एनओसी, शिवाय इथला टॅक्स वेगळा. विमा स्वतःच्या नावावर 14 दिवसांत करून घ्या. तेवढ्यात गाडी ठोकली तर क्लेमला अडचण येते.

---

साडेनऊ_लाख

पैशाचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

22 सप्टेंबर 2025 पासून 1200 सीसीपर्यंतच्या, 4 मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना जीएसटी 18% आहे. एन लाइन 3995 मिमी लांब, बसते त्यात. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स 10 लाखांपर्यंत 11%, 10 ते 20 लाख 12%. टक्का पूर्ण किमतीवर लागतो, वरच्या तुकड्यावर नाही. त्यामुळे 9.95 लाखांच्या गाडीला 1,09,450 आणि 10.05 लाखांच्या गाडीला 1,20,600. शिवाय 10 लाखांच्या वर 1% टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापतात. तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण आधी खिशातून जातो. व्हेरिएंट आणि रंग निवडताना ही रेषा लक्षात ठेवा, दोन रंगांच्या छपरापायी लोक ती ओलांडतात. कंपनीच्या नावावर घेत असाल तर टॅक्स 20%, तिथे सगळं गणितच वेगळं.

विमा: थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो. 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे 1000 सीसीपर्यंत वर्षाला 2,094, पुढे 1500 सीसीपर्यंत 3,416. एन लाइन आणि पोलो खालच्या गटात, रेसर वरच्या.

पेट्रोल: या तिन्ही गाड्या तुमच्या रस्त्यावर 10 च्या आसपास देतील असं धरा, पाय जड असेल तर 9. साधी स्विफ्ट त्याच ट्रॅफिकमध्ये 14 देते असं धरू. 800 किमीला 80 लिटर विरुद्ध 57. लिटरला 104 रुपये धरले तर फरक महिन्याला 2,400. टर्बोची हौस म्हणजे दरमहा एवढे पैसे, बाकी काही नाही. परवडत असेल तर खुशाल घ्या.

---

सडाफटिंग

मग स्विफ्टच घ्या की! वजन कमी, वळणावर हलकी. उरलेल्या पैशात चांगले टायर टाका. घाटात ताशी 50 च्या वर तसंही कोणाला जायला मिळतं?

---

तेलकट_फडकं

@सडाफटिंग, दोघे असतील तर मुद्दा बरोबर आहे. पण नवी स्विफ्ट 82 पीएस, 112 एनएम, आणि ते 112 सुद्धा वर फिरवल्यावर मिळतात. चौघे, सामान, एसी, आंबेनळीचा चढ आणि पुढे लाल डबा, तेव्हा ओव्हरटेकला मोकळा रस्ता दुप्पट लागतो. एन लाइनला 1500 आरपीएमपासून पूर्ण टॉर्क आहे, फरक तिथे पडतो. (आणि सुझुकीने ‘स्विफ्ट स्पोर्ट’ भारतात कधी विकलीच नाही, म्हणून ती आठवण काढू नका.)

---

ताम्हिणी_तिसरा_गिअर

सगळ्यांचे आभार. अजून चार शंका. (1) एन लाइनचं मॅन्युअल आणि आयएमटी एकच का? (2) ई20 (20% इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं काय? (3) नंतर रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं) आणि 17 इंची चाकं टाकली तर? (4) टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय करायचं? शोरूमवाला दोन किमी फिरवून परत आणतो.

---

तेलकट_फडकं

(1) नाही. 2021 ते 2023 च्या एन लाइनला आयएमटी होता: गिअर हाताने, क्लच पेडल नाही, क्लच मोटरने चालतो. सप्टेंबर 2023 च्या फेसलिफ्टपासून खरं 6-स्पीड मॅन्युअल आलं. जुनी बघत असाल तर ‘मॅन्युअल’ या शब्दावर विसंबू नका, पायाशी किती पेडल आहेत ते मोजा.

(2) इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. 20% मिसळलं की एकूण 6-7% घट. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर वरच्या ऑक्टेनमुळे त्यातली थोडी भरून निघते. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे पाइप, सील वगैरे ई20 ला चालणारे आहेत. 2020-22 ची पोलो त्याआधीची. ती लगेच बंद पडत नाही, पण रबरी पाइप आणि फ्युएल पंप यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि महिना महिना उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी ठेवायची नाही, ओलावा धरतो. नव्या गाडीच्या बाजूने हा एक मोठा गुण.

(3) रीमॅप केलात की वॉरंटी गेली, आणि विमा कंपनीला कळवलं नाही तर क्लेमही अडकतो. वाढलेला टॉर्क आधी क्लच खातो. चाकांचं साधं गणित: 195/55 आर16 टायरची साइडवॉल 107 मिमी. 205/45 आर17 ला ती 92 मिमी होते. व्यास जवळजवळ तोच राहतो, म्हणून मीटर चुकत नाही, पण खड्डा झेलणारं रबर 15 मिमी कमी. पावसाळ्यात पौड रोडला ही 15 मिमी म्हणजे रिमला पीळ किंवा टायरला फुगा. एन लाइन आधीच कडक आहे. 16 इंचच ठेवा, आणि टायर झिजले की ओल्या रस्त्यावरची पकड बघून चांगला सेट घ्या. ताम्हिणीत जुलैमध्ये 120 पीएसपेक्षा तेच उपयोगी.

(4) घरीच गाडी मागवा, शोरूमला जाऊ नका. वेळ संध्याकाळी सहाची. चौघांनी बसा. पाऊण तास मिळाला नाही तर दुसऱ्या डीलरकडे विचारा. मग एवढं करा:
– सोसायटीच्या रॅम्पवर चौघांसह तिरकं आणि सरळ, दोन्ही प्रकारे. खाली घासतं का?
– डीसीटी असेल तर त्याच रॅम्पवर रिव्हर्स. थरथर इथे पटकन कळते.
– किमान 15 मिनिटं रांगेत. मॅन्युअल असेल तर इथेच गुडघा उत्तर देईल.
– तिसऱ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमवरून पूर्ण दाबा. किती वेळाने जोर येतो? घाटातल्या वळणातून बाहेर पडताना तेवढाच थांबा असणार. सहाव्यात 1200 वर मात्र असं दाबू नका. छोट्या टर्बोला कमी फेऱ्यांवर पूर्ण भार सोसत नाही, ठिणगीच्या आधीच इंधन पेटतं आणि पिस्टनला मार बसतो. घेतल्यावरही हे पाळा, आणि ऑइल एपीआय एसपी दर्जाचंच टाका.
– मागच्या सीटवर स्वतः बसून चांदणी चौक ते बावधन. घरातलं मत तिथूनच येणार आहे.

---

चाकण_वॉशर

(4) ला एक जोड: रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, 80 वरून 20 पर्यंत जोरात ब्रेक, सलग तीनदा. एन लाइनला चारही चाकांना डिस्क आहेत, पोलोला मागे ड्रम. तिसऱ्यांदा पेडल पहिल्याइतकंच घट्ट हवं. सेकंडहँडमध्ये स्टेअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्क वाकड्या आहेत, तो खर्च किमतीतून वजा करून घ्या.

---

ताम्हिणी_तिसरा_गिअर

ठरलं. शनिवारी संध्याकाळी एन लाइनचं मॅन्युअल आणि डीसीटी दोन्ही घरी मागवतो, रविवारी सकाळी एक 2021 ची पोलो ऑटोमॅटिक. ती मालकाला थंड ठेवायला सांगितली आहे.

---

साडेनऊ_लाख

शनिवारी हिंजवडीची ट्रॅफिक नसते हो. सोमवार घ्या.