शाकाहारी म्हणून निर्धास्त?

एकांनी लिहिलंय की शिगा टॉक्सिनवाला ई. कोलाय (शिगा टॉक्सिन हे विष सोडून रक्ती जुलाब करणारा जिवाणू) म्हणजे अर्धकच्च्या बर्गरचं दुखणं, शाकाहाऱ्यांना काय त्याचं! तसं अजिबात नाही. २०११ साली जर्मनीत साथ आली, ३,८०० च्या वर लोक आजारी, पन्नासहून जास्त दगावले. आधी खापर फुटलं स्पेनच्या काकड्यांवर, तिथले शेतकरी फुकटचे भरडले गेले. खरा गुन्हेगार निघाली मोड आलेली मेथी! रुग्णांना विचारून पत्ता लागेना, सॅलडवर भुरभुरलेले चार मोड कोण लक्षात ठेवतो? शेवटी रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटच्या (जर्मनीची सरकारी साथरोग संस्था) लोकांनी हॉटेलात कोणी काय मागवलं ते काढलं आणि कशात काय घातलं ते थेट आचाऱ्यालाच विचारलं. (आपली उसळ निदान शिजते तरी.)

आणि रक्ती जुलाब असतील तर घरातली उरलेली अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. या शिगा विषाचा जनुक जिवाणूत दडून बसलेल्या विषाणूवर असतो. काही अँटिबायोटिक्समुळे तो जागा होतो आणि विष जास्तच सुटतं. त्यातून किडनी निकामी होऊ शकते, लहान मुलांची विशेषतः. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्याही नकोत. लघवी कमी झाली तर तडक दवाखाना गाठा.