वसई बंदर नक्की कोणी बुडवलं?

खाडीकाठ: परवा वसई किल्ल्यात दर्या दरवाजाशी कोणीतरी पाहुण्यांना सांगत होतं, "चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि शहर ओसाड पडलं." साफ चूक. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने ती पोर्तुगिजांना दिली, पुढे त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा सगळा कारभार इथून चाले. मुंबई तेव्हा वसईच्या हाताखालचं बेट. तेच १६६१ च्या लग्नाच्या करारात इंग्रजांना आंदण गेलं, तिथेच पाणी फिरलं. १६७४ मध्ये मस्कतचे अरब उतरून चर्चं लुटून गेले, तर तटाबाहेर येऊन अडवायची पोर्तुगिजांची छाती झाली नाही!

मोडीवाचक: आजारी होती, मान्य. म्हणून मेली कशाने हा प्रश्न सुटत नाही. १७३९ च्या तहात फिरंग्यांना बायकामुलं, शस्त्रं घेऊन जायची मुभा मिळाली, आणि ते गेले. त्यांच्याबरोबर पैसा आणि जहाजं गेली. बंदर म्हणजे नुसता धक्का का? चर्चची एक घंटा नाशकात नारोशंकराच्या देवळात टांगली आहे, बघून या. घंटा उतरवून नेतात ते गाव वसवायला येत नाहीत.

खाडीकाठ: घंटा विजयाची खूण हो. गाव टाकून द्यायचं असतं तर पेशव्यांनी शंकराजी केशवांना इथे सरसुभेदार कशाला नेमलं? १७८० मध्ये इंग्रजांनी तोफा आणून वसई घेतली, ती काय पडक्या भिंतींसाठी? सालबाईच्या तहात परत मागून घेतली ना आपण!

मोडीवाचक: सुभा म्हणजे वसूल. गलबतं दाखवा.

पाचूबंदरचा: दोघंही तटाच्या आतलंच बोलताय. बुडालं ते साहेबांचं गाव. कोळी, कुपारी, वाडवळ हे इथले मूळ समाज कुठे हलले? संत गोन्सालो गार्सिया इथलाच, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला. त्याचं नाव घ्यायला तुम्हाला सुचलं नाही. आमच्या पाचूबंदरला आजही होड्या लागतात. किल्ल्याकडे येताना बोंबील वाळवायच्या वलांडी दिसल्या असतील, नाक दाबून पुढे गेला असाल. आणि मालाचं म्हणाल तर १८६४ च्या सुमारास रेल्वे आली. गाडी दाराशी आल्यावर गलबताची वाट कोण बघतो?

मोडीवाचक: रेल्वेचा मुद्दा घेतला. पण दादा, तोवर सव्वाशे वर्षं होऊन गेली होती. मधल्या काळाचं बोला.

पाचूबंदरचा: मधल्या काळात मासे धरत होतो.