मिसळलेले पेलेट चालतात म्हणणाऱ्यांनी एकदा क्लॅम्प लावून बघावा

शिवाजीपार्कची_आई
काल इथे एकाने लिहिलं, ‘एअर पिस्तुलाच्या पेलेटचे, म्हणजे शिशाच्या छऱ्यांचे, चार डबे एकत्र ओता, दहा मीटरवर काही फरक पडत नाही.’ वाचून डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या मुलीचे तीन अर्धवट डबे होते, दोन ४.४९ मिमी हेड साइजचे (हेड म्हणजे पेलेटचं पुढचं टोक), एक ४.५०चा. जागा वाचवायला मीच ते एका डब्यात ओतले. पुढचे दोन आठवडे नऊ, नऊ, मधेच आठ. सर म्हणाले ग्रिप बिघडली. ग्रिप बदलली, पोरगी रडली. शेवटी मी शेजारी उभी राहून बघितलं. एक पेलेट बॅरलच्या तोंडात आपसूक उतरायचं, पुढचं अंगठ्याने दाबावं लागायचं. क्लॅम्पच्या शिकंज्यात पिस्तूल घट्ट धरून दहा-दहा मारले. मिसळलेल्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, बाहेरून बाहेर १२ मिमी, नुसत्या ४.४९चा ७. आता सांगा, फरक पडत नाही?

लेन_१२
ताई, आकडे तुमचेच घ्या. पिस्तुलाच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं. कड नुसती शिवली तरी दहा मिळतो, म्हणजे पेलेटचा मध्य ८ मिमी हलला तरी चालतं. तुमच्या १२ मिमीच्या ग्रुपमध्ये दोन टोकांच्या भोकांचे मध्य साडेसात मिमी लांब. सगळे दहाच! रायफलवाल्यांचा दहा अर्ध्या मिमीचा ठिपका असतो, त्यांनी पेलेट निवडत बसावं. पिस्तुलात नऊ लागतो तो ट्रिगर झटकल्यामुळे.

शिवाजीपार्कची_आई
क्लॅम्पचा हात थरथरत नाही, चौदा वर्षांच्या मुलीचा थरथरतो. तिने दहाच्या कडेवर सोडलेला शॉट पेलेटने आणखी चार मिमी बाहेर नेला की झाला नऊ. चूक तिची की डब्याची, हे तिला कळत नाही. ती स्वतःलाच दोष देते. माझं दुखणं ते आहे.

बोरिवली_ह्यूस्टन
ताईंचं बरोबर. मी नऊ वर्षं ह्यूस्टनला होतो, तिथे घरी काडतुसं भरणं हा कायदेशीर छंद आहे. रेंजवरून उचललेल्या ९ मिमीच्या पितळी केसेस, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या नळ्या, हा दहा कंपन्यांचा काला. प्रत्येकीच्या भिंतीची जाडी वेगळी. डाय (केसला आकार देणारा साचा) तोच, गोळी तीच, तरी एका केसमध्ये घट्ट बसायची आणि दुसरीत बोटाने दाबली की आत सरकायची. गोळी आत गेली की दाब वाढतो, त्यात पिस्तूलही फुटू शकतं. मी केसच्या बुडावरचा शिक्का बघून ढीग वेगळे केले, तेव्हा कुठे पकड सारखी आली.

लेन_१२
इथे शाळकरी मुलं वाचतात. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. ह्यूस्टन ह्यूस्टनला ठेवा.

बोरिवली_ह्यूस्टन
इथे करा असं मी कुठे म्हटलं? नळी आणि शिसं एकमेकांत कसं बसतं, त्याबद्दल बोललो. एअर पिस्तूल फुटत नाही, मान्य. सैल-घट्टाचा नियम मात्र दोन्हीकडे तोच.

डोंबिवलीचा_बाबा
मूळ दुखण्यावर कोणी बोलतच नाही. लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेला माल, मिसळतात ते आम्ही मिसळतो का? आमच्या मुलाच्या सरांकडूनच डबे घ्यावे लागतात. बाहेरून आणला तर सरांचं तोंड वाकडं. एकदा डबा उघडाच दिला, हेड साइजचं लेबल खरवडलेलं. पहाटेच्या लोकलने पोराला घेऊन यायचं, वर हे!

जुना_प्रशिक्षक
तेवीस वर्षं शिकवतोय. माल बाहेरून येतो, मधेच महिनोन्‌महिने मिळत नाही. पालकांना उधारीवर डबे मीच दिले, निम्म्यांनी पैसे बुडवले. सगळ्या सरांना एका माळेत ओवू नका.

डोंबिवलीचा_बाबा
तुम्ही दिलं असेल उधार. आमच्याकडे आधी पैसे, मग डबा. पावती मागितली तर मुलाला शेवटची लेन, जिथे दिवा लुकलुकतो. हे सांगायचं नाही का?

जुना_प्रशिक्षक
सांगा, जरूर सांगा. लेबल खरवडून देणं चूकच, त्याला माझी बाजू नाही. पण मुंबईच्या पावसाळ्याचंही बोला. जुलैत डबा उघडा राहिला की शिशावर पांढरी भुकटी चढते, मग एकाच लॉटची पेलेटंही सारखी बसत नाहीत. आणि पाठीवरच्या बॅगेत उड्या मारून पेलेटचे स्कर्ट, म्हणजे मागच्या पातळ कडा, दबतात. काचेवर लोळवून बघा. स्कर्ट रुंद असल्याने चांगलं पेलेटही वळणानेच जातं, पण दबलेलं लंगडतं. आणि मुलांना नंतर हात धुवायला लावा, शिसं आहे ते.

डोंबिवलीचा_बाबा
भुकटीचं माहीत नव्हतं. आज डबे बघतो. सरांवरचा राग तसाच आहे.

लेन_१२
बरं, लॉट वेगळे ठेवावेत, एवढं मानतो. फुकटात होतं, तर न करायला कारण नाही. पण ताई, क्लॅम्पइतकाच वेळ कोऱ्या कागदावर द्या. वीस मिनिटं, पेलेटशिवाय, नुसता ट्रिगर. तुमची मुलगी नऊ मारते तेव्हा डोळे मिटते का, ते बघितलंत?

शिवाजीपार्कची_आई
नाही बघितलं. माझं सगळं लक्ष पेलेटवरच होतं. शनिवारी वरळीच्या रेंजवर येतोय आम्ही. डबे लेबलसकट आणते, कोरे कागदही आणते. तुम्ही तिच्या बाजूला उभे राहून डोळे बघा, मी पेलेट देत जाईन. कुठलं ४.४९ आणि कुठलं ४.५० ते तिला सांगायचं नाही.