कोपऱ्यावरचा उतार: माणसांसाठी की स्कूटरसाठी?

शहापूरकर
परवा एका चौकात आईचा वॉकर अडकला. फूटपाथला उतार आहे, पिवळा रंगही दिलाय, पण तो डांबराला मिळतो तिथं दोन बोटांची कड सुटलीय. वॉकरचं पुढचं रबर तिला टेकलं आणि आई पुढं झुकली. मी मागंच होतो म्हणून बरं. त्याच खळग्यात पावसाचं पाणी, आणि बेळगावचा पाऊस सांगायला नको.
नियम अवघड नाही, १:१२. फूटपाथ १५ सेंटीमीटर उंच तर उतार १८० लांब, आणि खालची कड रस्त्याशी सपाट. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपलं नाव आलं, त्याच वर्षअखेरीस दिव्यांग हक्क कायदाही झाला. शोभेचे दिवे नंतर लावा, आधी कोपरे उतरता येऊ देत.

खडेबाजारवाला
आईंना जपा. पण उताराचं कौतुक मला नको. आमच्या दुकानासमोर केला, आठ दिवसांत फूटपाथवर गाड्या. सिग्नल लाल झाला की पोरं या उतारावरनं चढवून पुढच्यानं खाली उतरालेत. त्यापेक्षा फूटपाथ चांगला फूटभर उंच करा.

शहापूरकर
फूटभर उंचावर तुमची गिऱ्हाईकं चढतात का ओ? सगळी रस्त्यावरनंच चालालेत. उताराच्या तोंडाला खांब रोवा की.

अनगोळची
खांबानं भागत नाही. व्हीलचेअर साधारण ६५-७० सेंटीमीटर रुंद, म्हणून ९० तरी मोकळे सोडावे लागतात. स्कूटरचं हँडलही ७० च्या आसपासच. खुर्ची जाईल तिथनं स्कूटर जाणारच. खांब अडवतो तो कारला.

वडगाववाला
मला दिसत नाही, फोनला सांगून लिहितोय, चुका सांभाळून घ्या. शहापूरकर, तुमच्या ‘रस्त्याशी सपाट’ला माझा अर्धा विरोध. ती कड माझी खूण आहे. काठी खाली गेली की कळतं, रस्ता आला. एक कोपरा असा गुळगुळीत केलाय, की हॉर्न नाकासमोर वाजेपर्यंत मी फूटपाथवरच आहे असं धरून चाललो होतो.
सपाट करायचं तर तळाशी ठिपक्यांच्या फरशा हव्यातच. जपानात ओकायामाला १९६७ मध्येच बसवल्यात. ठिपके म्हणजे थांब, लांब रेघा म्हणजे चाल. आपल्याकडे मिस्त्री हाताला येईल ती फरशी लावतो. एकदा रेघांच्या भरवशावर गेलो तो थेट ट्रान्सफॉर्मरच्या जाळीवर. आणि कोपऱ्याच्या मधोमध एकच उतार नको, तो मला तिरका चौकाच्या पोटात नेतो. दोन रस्त्यांना दोन, झेब्राच्या रेषेत.

शहापूरकर
हे खरंच सुचलं नव्हतं. ठिपक्यांवर वॉकर खडखडेल, पण अडकणार नाही. चालेल.

टिळकवाडीकर
आणि सिग्नल? चन्नम्मा चौकात माणसांना आणखी वेळ दिला तर अधिवेशनाच्या दिवसांत गाड्यांची रांग कुठवर जाईल? त्यात बोलणारे सिग्नल लावले की कुठल्या भाषेत, यावरनं मोर्चा.

वडगाववाला
टक-टकला भाषा नसते हो. संथ वाजलं तर थांब, भरभर वाजलं तर जा. गोंगाटाप्रमाणं आवाज आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रं मिळतात. रात्री खांबापाशी ऐकू आलं तरी मला पुरे.

अनगोळची
वेळेचा हिशेब सहसा सेकंदाला १.२ मीटर चालीनं करतात. १८ मीटरचा रस्ता, १५ सेकंद. आईंची चाल ०.६ धरली तर ३०. दुभाजकात थांबायला जागा असेल तर ३० एकदम द्यावे लागत नाहीत. पण झेब्रापाशी तो सपाट कापायला हवा, आपल्याकडे तिथं झाडं लावतात.

खडेबाजारवाला
गणित बरोबर असेल. उतारावर लावलेली गाडी उठवणार कोण? फूटपाथ हा चालणाऱ्याचा हक्क, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलं. माझ्या दारात आजही तीन स्कूटर. त्यातली एक माझी, आधीच कबूल करतो.

शहापूरकर
उद्या दहाला आईला घेऊन तिकडंच यालोय. तेवढी काढून ठेवा.