वशिला जाईल, पण क्रम उलटतो त्याचं काय?

'फझी टॉप्सिस लावलं की रुग्णालयात खाट आधी कुणाला, यातला वशिला संपेल' हे म्हणणं मला अर्धंच पटतं. (फझी टॉप्सिस म्हणजे अनेक निकषांवर गुण देऊन यादीचा क्रम लावायची, मोघम शब्दही आकड्यांत घेणारी पद्धत.) 'बऱ्यापैकी तातडीचं', 'फारच तातडीचं' हे डॉक्टरांचे शब्द त्रिकोणी आकड्यांत (किमान, मधला, कमाल अशा तिकडीत) बसवता येतात, इथवर ठीक. पण या पद्धतीची एक खोट कुणी दाखवलेली दिसत नाही: यादीत तिसरा पेशंट आला की आधीच्या दोघांचा आपापसातला क्रम उलटू शकतो. नेहमीच्या रीतीत प्रत्येक निकषाचा रकाना त्यातल्याच सर्वांत मोठ्या आकड्याने भागतात. समजा एक जण १० दिवस थांबलाय, दुसरा ४. गुण झाले १ आणि ०.४. मग ४० दिवस रखडलेला हर्नियावाला यादीत आला. आता तेच गुण ०.२५ आणि ०.१. फरक ०.६ वरून ०.१५ वर आला, आणि दुखण्याच्या रकान्यात दुसरा जरासा पुढे असला तर तोच वर सरकतो. पहिल्याच्या नातेवाइकांना हे काउंटरवर समजावून दाखवा!

त्यामुळे भागाकार यादीतल्या आकड्याने नको, आधीच ठरवलेल्या कमाल मर्यादेने करा. शिवाय बेरजेत गंभीर लक्षण बुडतं. ब्रिटनच्या न्यूज-२ मध्ये (पेशंटची प्रकृती ढासळतेय का हे गुणांनी मोजणारी पद्धत, २०१७) एकूण गुण कमी असले तरी एकाच मोजमापाला ३ पडले, उदा. नेहमीच्या पट्टीवर रक्तातला ऑक्सिजन ९१ टक्के किंवा खाली, तर पेशंटला तातडीने तपासायचं असतं. ती चाळणी आधी लावा, टॉप्सिस उरलेल्यांसाठी.