तणमोर मोजताना फासेपारध्यांना विचारायचं की नाही?

माळकरी:
अकोला-वाशीमच्या माळरानावर पावसाळ्यात तणमोर हा पक्षी येतो. नर गवताच्या वर उडी मारतो आणि लगेच आत गडप होतो. आपली गणना या उड्यांवरच चालते. मादी उडी मारत नाही, त्यामुळे ती अंदाजाने धरावी लागते.

याच माळावर फासेपारधी पिढ्यान् पिढ्या तितर-लाव्हे धरत आले. पाखरू गवतातल्या कुठल्या फटीतून चालणार हे ओळखायचं, तिथे फाशांची रांग लावायची आणि पाळलेल्या गाईच्या आडून चालत त्याला अलगद तिकडे वळवायचं. घाई केली की पाखरू उडालं आणि मेहनत वाया. गवतात दडलेलं पाखरू यांच्याइतकं कोण ओळखतं? गणनेत त्यांना वाटाड्या म्हणून नको, जाणकार म्हणून घ्या आणि मानधनही तसंच द्या.

आकडेमोड:
जाणकारीबद्दल आदर आहे, पण त्यावर गणना करायला विरोध. आपण हे एकदा भोगलंय. वाघ ठशांवरून मोजायचो तेव्हा ठसा काचेवर गिरवून 'हा तोच वाघ' असं अनुभवी नजरच ठरवायची. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात 2004 पर्यंत कागदावर वाघ होते, 2005 मध्ये एकही नव्हता. म्हणून 2006 पासून देशाच्या गणनेत कॅमेरे आणि संख्याशास्त्र आलं. शिवाय शिकारी जिथे पाखरू हमखास असतं तिथेच जातो. तेवढ्याच जागा पाहून अख्ख्या माळाचा आकडा काढला तर तो फुगणारच.

रानवाट:
फुगण्याचा मुद्दा बरोबर. पण सरिस्काचं खापर माग काढणाऱ्यांवर नको. तिथे दोष पद्धतीचा होता, आणि आकडा पडताळायला दुसरी कुठलीच वाट ठेवली नव्हती. कुठे चालायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा, तिथे काय आहे ते पारध्याला वाचू द्या. दक्षिण आफ्रिकेत लुई लीबेनबर्ग यांनी 1990 च्या दशकात सायबरट्रॅकर हे नोंदी करायचं सॉफ्टवेअर काढलं ते यासाठीच. लिहिता-वाचता न येणारा मागकाढ्या चित्रावर बोट ठेवतो. जागा आणि वेळ यंत्र नोंदवतं.

वस्तीवरची:
जागा आणि वेळ यंत्रात, इथेच माझा जीव अडकतो. 1871 च्या कायद्याने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींपैकी ही एक. कायदा 1952 ला गेला, संशय गेला नाही. माळावर फासा सापडला की चौकशी आधी पारधी बेड्यावरच (वस्तीवरच) येते. उद्या एखादा तणमोर मेला आणि आदल्या दिवशीची नोंद आमच्या पोराच्या नावावर असली तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार? मानधनाचं नंतर बोला, आधी याचं लेखी उत्तर द्या.

माळकरी:
हे मी मूळ लेखात मांडायला हवं होतं. नेमकी जागा बेड्याच्या ताब्यात राहावी, बाहेर फक्त चौकटीचा, म्हणजे नकाशावर आखलेल्या मोठ्या चौकोनाचा, आकडा जावा, आणि नोंद पुरावा म्हणून वापरणार नाही हे वनखात्याने आधी लिहून द्यावं. त्याशिवाय सुरुवातच नको.

आकडेमोड:
नेमकी जागा लपवली तर मी पडताळू कशी? येत्या पावसाळ्यात त्याच चौकटींत दोन तुकड्या वेगवेगळ्या चालवा, एकमेकींचे आकडे न दाखवता. पारध्यांना माद्या खरोखर जास्त सापडल्या तर मी विरोध मागे घेईन. तोवर माझं मत कायम.

वस्तीवरची:
चालवा की. पण लेखी कागद आधी.