विद्युत ठेकेदारीसाठी व्यवस्थापन सॉफ्टवेअर निवडताना साइटनिहाय हिशेब कसा तपासावा?

प्रश्न (परवानाधारक विद्युत ठेकेदार, नाशिक)

नमस्कार. गेली 14 वर्षे मी नाशिकमध्ये विद्युत ठेकेदारी करतो. वायरमन आणि हेल्पर मिळून 16 माणसे कामाला आहेत आणि एका वेळी पाच ते सात साइट चालू असतात. त्यांत अंबड व सातपूर औद्योगिक वसाहतींतील कारखाने, काही गृहप्रकल्प आणि अधूनमधून सरकारी निविदांची कामे असतात. सध्या बिले व जीएसटी टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, अंदाजपत्रके एक्सेलमध्ये, हजेरी आणि उचल वहीत, तर साइटवरून येणारी साहित्याची मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर, अशी चार ठिकाणी विभागणी झाली आहे.

मागील वर्षी एका गृहप्रकल्पाचे काम संपल्यावर हिशेब मांडला, तेव्हा वायरवरील खर्च अंदाजापेक्षा बराच वाढलेला दिसला. तांब्याचा भाव वाढल्यामुळे तसे झाले, पॉइंटची (दिवा, पंखा किंवा सॉकेटपर्यंतच्या वायरिंगची) लांबी अंदाजात कमी धरली गेली होती, की त्या साइटच्या नावावरचा माल दुसरीकडे वापरला गेला, हे मला अखेरपर्यंत सांगता आले नाही. आता दोन सॉफ्टवेअर पाहिली आहेत. एक परदेशी असून त्याचे शुल्क दरमहा प्रत्येक वापरकर्त्यामागे आहे, दुसरे बिलिंगचे साधे देशी अ‍ॅप आहे. आपल्या व्यवसायासाठी निवड करताना नेमके काय तपासावे?

उत्तर 1 (ठेकेदार, पिंपरी-चिंचवड)

आपला माल कॉइल, ड्रम आणि नगांमध्ये खरेदी होतो, परंतु ग्राहकाला बिल जाते ते पॉइंटचे, मेन्सचे (मुख्य पुरवठ्याच्या वायरिंगचे) किंवा डीबी (वीज वितरण पेटी) बसविण्याचे. माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ येथे आहे. इमारतीतील अशा कामाला जीएसटी कायद्यात कार्यकंत्राट (साहित्य व मजुरी एकत्र असलेले काम) म्हणून सेवा मानले जाते, त्यामुळे बिलावर 9954 या गटातील सेवा-संकेतांक येतो. साध्या बिलिंग अ‍ॅपमध्ये साठा कमी होतो तो विक्रीच्या बिलामुळे. आपल्या बिलात 90 मीटरची कॉइल कोठेच येत नसल्याने अशा अ‍ॅपमध्ये ती कॉइल भिंतीत जाऊन वर्ष उलटले तरी गोदामात शिल्लक दिसत राहते. म्हणून पहिली तपासणी हीच करावी की साहित्य साइटवर देणे, तेथे वापरले गेल्याची नोंद करणे आणि उरलेले परत घेणे या तीन नोंदी बिलापासून स्वतंत्रपणे करता येतात का. टॅली प्राइममध्ये प्रत्येक साइटला एक गोदाम मानून आणि स्टॉक जर्नल (बिलाशिवाय साठा हलविल्याची किंवा वापरल्याची नोंद) वापरून हे जमते. आपल्याकडे ते आधीपासून असल्याने नवीन काही घेण्यापूर्वी तेवढे करून पाहावे.

दुसरी गोष्ट केबलची आहे आणि तिच्यात मी स्वतः पोळलो आहे. एका कारखान्याच्या फीडरसाठी (मुख्य पुरवठा लाइनसाठी) 70 मीटर आर्मर्ड (धातूचे कवच असलेली) केबल हवी होती. साठ्यात 160 मीटर दिसत होती, म्हणून मी खरेदी केली नाही. प्रत्यक्षात ते चार तुकडे होते आणि त्यांतला सर्वांत लांब तुकडा 45 मीटरचा होता. मध्ये जॉइंट देणे मान्य नसल्याने दोन दिवस काम थांबले आणि चढ्या भावाने नवी केबल आणावी लागली. तेव्हापासून प्रत्येक ड्रमला आणि कापून उरलेल्या प्रत्येक तुकड्याला मी वेगळा बॅच क्रमांक देतो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये केवळ एकूण मीटर दिसतात, ते केबलच्या कामाला उपयोगी पडत नाही.

परदेशी सॉफ्टवेअरविषयी एवढेच सांगतो की त्यांपैकी अनेकांची रचना दुरुस्तीच्या भेटींभोवती असते: तक्रार आली, तंत्रज्ञ गेला, तेथेच बिल दिले. वार्षिक देखभालीची कामे मोठ्या प्रमाणावर असतील तर ती सोय खरोखर चांगली आहे. आपले आरए बिल (रनिंग अकाउंट, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिले जाणारे बिल) मात्र संचयी असते, म्हणजे आजवरचे एकूण परिमाण, त्यातून मागील बिलापर्यंतचे वजा आणि उरलेले या बिलाचे. विक्रेत्याला आपल्या एखाद्या जुन्या कामाचे तिसरे आरए बिल मोजमापांसह द्यावे आणि ते आपल्यासमोर तयार करून दाखविण्यास सांगावे.

उत्तर 2 (करसल्लागार, कोल्हापूर)

वरील उत्तराशी सहमत आहे, त्यात वसुलीची बाजू जोडतो. सरकारी कामात कराराचे मूल्य 2,50,000 रुपयांपेक्षा अधिक असेल, तर 1 ऑक्टोबर 2018 पासून जीएसटीची 2 टक्के कपात होते. तिच्याखेरीज आयकराची कपात असते, मालक एकटा असेल तर 1 टक्का आणि भागीदारी संस्था असेल तर 2 टक्के. शिवाय करारानुसार राखीव रक्कम रोखली जाते, ती दोषदायित्वाचा कालावधी (कामातील दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत) संपल्यावरच मिळते. या तिन्ही रकमा ‘येणे बाकी’ या एकाच आकड्यात मिसळल्या, तर राखीव रक्कम मागण्याची तारीख कोणाच्याही लक्षात राहत नाही. माझ्या दोन अशिलांची अशी रक्कम केवळ पाठपुरावा न झाल्याने वर्षानुवर्षे अडकली होती. म्हणून प्रत्येक कामाची राखीव रक्कम स्वतंत्र खात्यात आणि परतीच्या तारखेसह दिसते का, हे अवश्य पाहावे.

वार्षिक उलाढाल 5 कोटी रुपयांच्या पुढे गेली असल्यास ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) थेट सॉफ्टवेअरमधून निघणे आवश्यक समजावे. गोदामातून साइटवर जाणारा माल विक्रीचा नसला तरी त्याला डिलिव्हरी चलन लागते, आणि महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीत मालाचे मूल्य 1,00,000 रुपयांहून अधिक असेल तर ई-वे बिलही (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढावयाचा दस्तऐवज) लागते. साहित्य देण्याच्या नोंदीतूनच चलन छापले गेले, तर नोंद करण्याचा कंटाळा आपोआप कमी होतो.

उत्तर 3 (ठेकेदार, छत्रपती संभाजीनगर)

आम्ही दोन वर्षांपासून ईआरपीनेक्स्ट वापरतो. ते मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे परवान्याचे शुल्क नाही. परंतु सर्व्हरचा खर्च आहे आणि सुरुवातीची मांडणी करून देणारा जाणकार माणूस लागतो. आमचा मोठा वेळ वस्तूंची यादी शुद्ध करण्यात गेला, कारण एकच 2.5 चौरस मिलिमीटरची वायर पाच वेगवेगळ्या नावांनी नोंदवलेली होती. सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, ही यादी आधी स्वतः बसून करा. साइटवरील नोंद सुपरवायझर मोबाइलवर मराठीत आणि दोन मिनिटांत करू शकेल, एवढीच ठेवावी. आम्ही प्रथम त्याच्याकडून बारा रकाने भरून मागत होतो आणि तो ते शनिवारी एकदम आठवून भरत होता.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बिलिंगचे अ‍ॅप साठा बिलातूनच कमी करते, हे आज विक्रेत्याला विचारून पक्के केले, त्यामुळे तो पर्याय बाजूला ठेवला आहे. पुढील महिन्यात सातपूरचे एक नवीन काम सुरू होत आहे. तेवढ्या एकाच साइटसाठी टॅलीमध्ये वेगळे गोदाम आणि केबलचे बॅच लावून पाहतो. एक शंका उरते: मजुरीचा खर्च साइटनिहाय विभागताना एकाच दिवशी दोन साइटवर गेलेल्या वायरमनची नोंद आपण कशी करता?

उत्तर 1 (ठेकेदार, पिंपरी-चिंचवड)

आम्ही दिवसाचे दोन अर्धे भाग धरतो, सकाळचा आणि दुपारचा, आणि प्रत्येक भागासमोर साइटचे नाव लिहितो. टॅलीत साइटच्या नावाचे कॉस्ट सेंटर (त्या साइटचा खर्च वेगळा दाखविणारे शीर्षक) करून आठवड्याची मजुरी त्या प्रमाणात विभागावी. उचल मात्र साइटवर टाकू नये, ती त्या माणसाच्या वैयक्तिक खात्यातच ठेवावी.